घाव आणि कृती : एका पूर्वकथेच्या निमित्ताने

१

एखादी कलाकृती रसिकमनात स्थिरावल्यानंतर तिच्या कर्त्यानेच तिच्या आधीची कथा सांगायला घेतली, की जो वाद उद्भवतो तो वरवर पाहता तुलनेचा असतो. नवी कृती जुनीच्या तोडीची आहे की नाही, एवढाच प्रश्न त्यात विचारला जात आहे असे वाटते. परंतु या वादाची भाषा नीट तपासली, तर 'चांगले' आणि 'वाईट' या शब्दांच्या जोडीने त्यात 'गरज' हा शब्द सतत येत असल्याचे दिसते. 'या चित्रपटाची गरज नव्हती' असे म्हणणारा प्रेक्षक त्या चित्रपटाच्या गुणवत्तेविषयी काहीच बोलत नसतो. एका व्यक्तिरेखेच्या भूतकाळात शिरण्याचा अधिकार कोणाला आणि कशासाठी आहे, असा प्रश्न तो नकळत उपस्थित करीत असतो. हा प्रश्न सौंदर्यशास्त्रीय जितका आहे, तितकाच नैतिकही आहे.

जॉर्ज मिलर या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाच्या 'फ्युरिओसा : अ मॅड मॅक्स सागा' (२०२४) या चित्रपटाभोवती झालेला वाद या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. मिलर हे मुळात वैद्यकाचे पदवीधर. रुग्णालयाच्या अपघात विभागात काम करताना रस्त्यावरच्या हिंसेचे परिणाम त्यांनी जवळून पाहिले होते, आणि 'मॅड मॅक्स' (१९७९) हा त्यांचा पहिला कथाचित्रपट त्या अनुभवातून आकाराला आला. त्यानंतर १९८१ आणि १९८५ मध्ये त्याचे दोन पुढचे भाग आले. मग तीस वर्षांच्या खंडानंतर 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड' (२०१५) आला आणि त्याने साहसपटाविषयीच्या प्रस्थापित समजुती बदलून टाकल्या. नामिबियाच्या वाळवंटात मुख्यतः चित्रित झालेल्या या चित्रपटाला सहा ऑस्कर पारितोषिके मिळाली. त्यांपैकी संकलनाचे पारितोषिक मार्गारेट सिक्सेल यांचे होते. या चित्रपटाचे नाव मॅक्सच्या नावाने असले, तरी त्याच्या केंद्रस्थानी उभी राहिली ती शार्लीझ थेरॉन यांनी साकारलेली फ्युरिओसा. ती इमॉर्टन जो या हुकूमशहाच्या पदरची सेनानी आहे. त्याने भोगदासी म्हणून कोंडून ठेवलेल्या पाच तरुणींना अवजड युद्धगाडीत लपवून ती पळ काढते.

याच स्त्रीच्या बालपणापासूनची कथा नऊ वर्षांनी पडद्यावर आली. तिला अपेक्षित गर्दी लाभली नाही. 'फ्युरी रोड'ने जगभरात सुमारे ३८ कोटी डॉलर मिळवले होते. 'फ्युरिओसा'ची मजल सुमारे १७ कोटींपर्यंत गेली आणि तिचा निर्मितिखर्चही जवळपास तेवढाच होता. अर्थात व्यवसायाच्या आकड्यांवरून कलाकृतीचा निवाडा करता येत नाही. ज्यांनी चित्रपट पाहिला त्या चाहत्यांमध्येच दोन तट पडले, ही बाब अधिक महत्त्वाची होय. एका पक्षाच्या मते नव्या चित्रपटात जुन्याचा वेग नाही, संगणकनिर्मित प्रतिमा डोळ्यांना जाणवतात, १४८ मिनिटांचा आणि पाच प्रकरणांत विभागलेला विस्तार पसरट वाटतो; आणि मुख्य म्हणजे जे न सांगता कळले होते ते आता सांगून टाकले आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते या तुलनेतच प्रमाद आहे. एका चित्रपटात तीन दिवसांची धाव आहे, तर दुसऱ्यात दीड दशकाच्या आसपासचे आयुष्य. पहिल्याला शर्यतीचा घाट आहे, दुसऱ्याला पुराणकथेचा. भिन्न जातीच्या कृतींना एकच माप लावणे न्याय्य नाही.

या दोन्ही पक्षांपाशी सत्याचा अंश आहे. परंतु या वादातील खरा पेच दोघांच्याही नजरेतून निसटतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

प्रथम 'न सांगता कळले होते' या आक्षेपाचा विचार करू. 'फ्युरी रोड'मध्ये फ्युरिओसाचे सगळे पूर्वायुष्य दोन-चार वाक्यांत आटोपले आहे. लहानपणी आपल्याला पळवून आणले गेले, आई तिसऱ्या दिवशी मरण पावली, त्यानंतर हजारो दिवस लोटले, एवढेच ती आपल्या मूळ कुळातील स्त्रियांना सांगते. तिचा डावा हात कोपराखाली नाही; त्याविषयी तर ती एक शब्दही बोलत नाही आणि तिला कोणी विचारतही नाही. नव्या चित्रपटात आईचा मृत्यू दिसतो, हात कसा गेला हेही दिसते. मौन मोडले गेले, अशी तक्रार येथे केली जाते.

भारतीय काव्यशास्त्राशी परिचय असलेल्या अभ्यासकाला ही तक्रार ओळखीची वाटेल. आनंदवर्धनाने ध्वनीला काव्याचा आत्मा मानले. तेव्हा जे व्यंग्य होते ते वाच्य करून टाकणे म्हणजे काव्यत्वाची हानी, असा निष्कर्ष सहज काढला जाईल. परंतु तो घाईचा ठरेल. व्यंग्यार्थ म्हणजे दडवून ठेवलेली माहिती नव्हे. वाच्यार्थाच्या आधाराने सहृदयाच्या मनात जो अधिकचा अर्थ उमटतो तो व्यंग्यार्थ. हात कोणत्या प्रसंगात तुटला हा तपशील 'फ्युरी रोड'मध्ये ध्वनित झालेला नव्हता. तो केवळ अनुपस्थित होता. ही स्त्री आपल्या हानीसह जगायला शिकली आहे आणि तिच्या नावाने दयेची याचना करीत नाही, हे तेथे ध्वनित होते. प्रसंग कळल्याने हा ध्वनी नष्ट होत नाही. व्होल्फगांग ईझर ज्यांना संहितेतील रिक्त जागा म्हणतो, त्यांतही असा भेद करावा लागेल : काही रिक्त जागा वाचकाच्या अर्थनिर्मितीला आवाहन करतात, काही नुसत्याच मोकळ्या असतात.

शेवट आधीच ठाऊक असल्यामुळे कथेतील उत्कंठा संपते, हा आक्षेपही फारसा टिकणारा नाही. ईडिपसचे काय होणार हे ग्रीक प्रेक्षकाला नाटक सुरू होण्यापूर्वी माहीत होते. सीतेचे काय होणार हे रामकथेच्या श्रोत्याला शतकानुशतके माहीत आहे. फ्युरिओसा जगणार हे माहीत असणे म्हणजे तिची कथा निष्प्राण होणे नव्हे. उलट 'काय झाले' या कुतूहलातून सुटका झाल्यामुळे प्रेक्षकाचे लक्ष 'कसे घडली' या प्रश्नाकडे वळू शकते.

पण नेमकी येथेच खरी अडचण सुरू होते. जेरार्ड जेनेट याने १९८२ च्या आपल्या ग्रंथात एका संहितेवर उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या संहितांचे वर्गीकरण केले आहे. त्यात मूळ कथेच्या मागे जाणाऱ्या पूर्तीचे त्याने केलेले वर्णन मार्मिक आहे. अशी पूर्ती कारणाकडून त्याच्या कारणाकडे प्रवाहाच्या उलट दिशेने चढत जाते आणि अधिक समाधानकारक वाटेल अशा आरंभबिंदूपाशी थांबते. म्हणजेच पूर्वकथा हा प्रकार स्वभावतःच कारणमीमांसेचा आहे. पुढची कथा 'मग काय झाले' हे सांगते. पूर्वकथा 'हे असे का झाले' हे सांगायला बांधलेली असते. माणसाच्या कृतीला कारण शोधणे आणि तिचे मूल्य ठरवणे या दोन क्रिया एकच नाहीत. पूर्वकथेचा नैतिक धोका त्या दोहोंच्या सरमिसळीत आहे.

३

'फ्युरी रोड'मधील फ्युरिओसाच्या कृतीला आदर का मिळाला, याचा विचार केला तर एक साधी गोष्ट लक्षात येते. प्रेक्षकाला ती कोण हे कळण्यापूर्वी ती काय करते हे कळते. ठरलेला रस्ता सोडून ती गाडी वळवते. त्या एका वळणात तिची निवड व्यक्त होते. शोकात्मिका ही कृतीची अनुकृती आहे आणि शील हे निवडीतून प्रकट होते, असे ॲरिस्टॉटलने म्हटले, त्याला यापेक्षा शुद्ध उदाहरण अलीकडच्या लोकप्रिय चित्रपटांत क्वचितच सापडेल. तिच्यावर अन्याय झाला म्हणून तिची कृती मोठी ठरत नाही. इतरांवरचा अन्याय थांबवण्यासाठी ती आपले स्थान, सुरक्षितता आणि सत्ता पणाला लावते म्हणून ती मोठी ठरते.

आता या कृतीच्या मागे घावांची मालिका उभी केली, तर काय घडते? आई डोळ्यांसमोर मारली गेली. मग विक्री झाली. मग वेष पालटून पुरुषांत वाढावे लागले. प्रेटोरियन जॅक नावाचा एकच विश्वासू सोबती लाभला, तोही हाल होऊन मेला. स्वतःचा हात स्वतःच तोडावा लागला. एवढे सोसलेली स्त्री बंड करणारच, असे प्रेक्षकाला वाटू लागते. या 'च'मध्ये कृतीचे मोल उणावते. जे अटळ होते त्याचे श्रेय कोणाला देता येत नाही. घावाने कृतीचे स्पष्टीकरण मिळते, परंतु निवड हिरावून घेतली जाते. चाहत्यांच्या 'गरज नव्हती' या उद्गारामागची अस्वस्थता कदाचित हीच असावी, आणि तिच्याकडे केवळ स्मरणरंजन म्हणून पाहणे योग्य होणार नाही.

हा दोष एका चित्रपटापुरता नाही. गेल्या काही दशकांच्या लोकप्रिय कथनात व्यक्तिरेखेला 'खोली' देणे म्हणजे तिला एक जखम देणे, असा संकेत रूढ झाला आहे. माणसाला काय केले गेले यावरून तो कोण हे ठरते, अशी ही धारणा. ती करुणेच्या पोटी जन्मली असली तरी तिच्यात एक सूक्ष्म अवमान दडलेला आहे. कारण त्या माणसाने स्वतः काय केले हा प्रश्न ती दुय्यम ठरवते.

मराठी वाचकाला या पेचाची ओळख कर्णाच्या निमित्ताने झालेली आहे. शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय' (१९६७) या कादंबरीने कर्णाला त्याच्या घावांच्या बाजूने पाहण्याची सवय मराठी मनाला लावली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'मध्ये कर्णाला अशी सवलत नाही. मूळ महाभारत या दोन दृष्टींपैकी एकीचीच निवड करीत नाही. सूतपुत्र म्हणून झालेली अवहेलना ते लपवीत नाही आणि द्यूतसभेत द्रौपदीविषयी कर्णाने काढलेले शब्दही लपवीत नाही. उद्योगपर्वात कृष्ण त्याला त्याचे जन्मरहस्य सांगतो, तेव्हा कर्ण जन्मापासून झालेला अन्याय उगाळीत बसत नाही. दुर्योधनाच्या संतोषासाठी पांडवांना आपण जी कटू वचने बोललो त्या कर्माचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असे तो म्हणतो. त्याची पूर्वकथा त्याच्यापुढे उलगडली जात असताना तो स्वतःच्या घावाकडून स्वतःच्या कृतीकडे वळतो. कर्णाची उंची त्या वळण्यात आहे.

४

'फ्युरिओसा'लाही नेमकी हीच कसोटी लावली पाहिजे, आणि ती बाहेरून आणलेली नाही. 'फ्युरी रोड'नेच ती घालून दिलेली आहे. त्या चित्रपटात मॅक्स तिला विचारतो, की या तरुणी आशेच्या शोधात आहेत, मग तुझे काय? तिचे उत्तर एका शब्दाचे आहे, आणि त्याचा अर्थ पापक्षालन किंवा प्रायश्चित्त असा होतो. सूड किंवा मुक्ती हे शब्द ती वापरत नाही. ज्याच्या हातून काही घडले आहे तोच प्रायश्चित्त मागतो. ज्याला केवळ सोसावे लागले तो न्याय मागेल. म्हणजे जुन्या चित्रपटाने पूर्वायुष्याविषयी एकच खरा प्रश्न मोकळा ठेवला होता : हिने काय केले होते? इमॉर्टन जोच्या राज्यात सेनानीपद कोणालाही फुकट मिळत नाही. तेथवर चढताना तिने काय पाहिले, काय चालवून घेतले, कोणत्या आज्ञा पाळल्या?

पूर्वकथेची गरज होती असे म्हणायचे, तर ती या प्रश्नासाठी होती. आणि याच ठिकाणी नवा चित्रपट बराच काळ मुका राहतो. हात कसा गेला हे तो विस्ताराने दाखवतो. सेनानीपदाची वर्षे मात्र तो जवळजवळ वगळतो. चाळीस दिवसांचे युद्ध त्यात काही क्षणांत उरकले जाते. फ्युरिओसा लढते, निसटते, वाचवते, शिकते. परंतु निरपराधाच्या विरोधात उभी राहिलेली ती कोठे दिसत नाही. 'तिला काय केले गेले' याचा हिशेब भरगच्च, 'तिने काय केले' याचा हिशेब कोरा, असे या कथनाचे रूप आहे. चाहत्यांना वेग कमी वाटला, प्रतिमा कृत्रिम वाटल्या. पण उणीव खरी आहे ती येथे.

तथापि हा निवाडा अंतिम मानण्यापूर्वी शेवटच्या प्रकरणाकडे पाहणे अगत्याचे आहे. आईचा मारेकरी डिमेंटस अखेर तिच्या हाती सापडतो. ख्रिस हेम्सवर्थ यांनी रंगवलेला हा दांडगा, वाचाळ टोळीप्रमुख आपल्या मृत मुलांची आठवण म्हणून एक खेळण्यातले अस्वल अंगावर बाळगतो. म्हणजे घावाची कथा त्याच्याकडेही आहे. आपले बालपण आणि आई परत दे, अशी अशक्य मागणी ती करते. तो तिला सांगतो, की कोणत्याही सूडाने तिचे पारडे समतोल होणार नाही, आणि ती व तो एकाच जातीची माणसे आहेत. खलपुरुषाच्या तोंडचे हे बोलणे धूर्तपणाचे आहे, पण चुकीचे म्हणता येत नाही. घावामुळे सर्व क्षम्य ठरत असेल, तर डिमेंटसही क्षम्य ठरतो. तो क्षम्य ठरत नसेल, तर फ्युरिओसाचे घावही तिला आपोआप निर्दोष करीत नाहीत. चित्रपटाने दीड दशक जो हिशेब टाळला, तो येथे तिच्या शत्रूने मांडला आहे.

यानंतर जे घडते ते दिग्दर्शक थेट दाखवत नाही. इतिहास तोंडपाठ करून जगणाऱ्या एका वृद्धाच्या निवेदनातून ते कळते. तिने त्याला गोळी घातली असे कोणी म्हणतात, त्याला गाडीमागे फरफटत नेले असे कोणी म्हणतात; पण तिने स्वतः आपल्या कानात सांगितलेले सत्य वेगळे आहे, असे तो वृद्ध सांगतो. आईने दिलेली आणि तिने जन्मभर जपलेली फळाची बी तिने डिमेंटसच्या जिवंत देहात रुजवली, आणि गडाच्या उंच बागेत त्या देहावर झाड वाढले. त्या झाडाचे पहिले फळ घेऊन ती कोंडलेल्या तरुणींकडे जाते. त्यानंतर त्या युद्धगाडीत शिरतात, आणि 'फ्युरी रोड' सुरू होतो.

या दृश्याचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. सूडातूनही जीवन उगवते, मृत्यूच्या देहावर हिरवाई येते, असे एक सांत्वनपर वाचन संभवते. ते सुखद आहे, पण अपुरे आहे. दुसरे वाचन असे : फ्युरिओसाने एका माणसाला दीर्घकाळ जिवंत ठेवून त्याची माती केली. हे क्रौर्य तिच्यावर कोणी लादलेले नव्हते; तिने ते निवडले. संपूर्ण चित्रपटात निर्विवादपणे तिची स्वतःची म्हणावी अशी भीषण कृती ही एकच आहे. मुक्तीचा आरंभ ज्या फळाने होतो, ते या कृतीतून आलेले आहे. प्रायश्चित्त कशाचे, या जुन्या प्रश्नाला नव्या चित्रपटात काही उत्तर असेल, तर ते या झाडात आहे.

मग हे उत्तर ऐकीव गोष्टीच्या रूपात का दिले? त्यामुळे कृतीची जबाबदारी धूसर होते, ती आख्यायिकेच्या धुक्यात सुरक्षित राहते, असा आक्षेप घेता येईल आणि तो पूर्णपणे खोडून काढता येणार नाही. परंतु एक गोष्ट नोंदवली पाहिजे. तीन पाठांपैकी तिचा स्वतःचा पाठ सर्वांत निर्दय आहे. गोळी घालणे हे त्या जगात सामान्य होते. फरफटत नेणे हे जशास तसे होते. या दोन्हींपेक्षा कठोर असलेले कृत्य ती आपल्या तोंडाने आपल्या नावावर घेते. सत्य सांगितले असो वा रचले असो, लोकांनी आपल्याला न्यायी सूडकर्ती समजावे यापेक्षा आपल्या हातून काय घडले हे कोणाला तरी ठाऊक असावे, अशी तिची इच्छा त्यातून दिसते. कबुली ही प्रायश्चित्ताची पहिली पायरी असते.

५

तेव्हा पूर्वकथेने मूळ कृतीचे काय देणे लागते? मूळ कृतीइतके श्रेष्ठ असण्याचे देणे ती लागत नाही. तशी मागणी करणे म्हणजे प्रत्येक धाकट्या भावंडाला थोरल्याच्या उंचीचा दंडक लावणे होय. रिक्त जागा तशाच ठेवण्याचेही देणे ती लागत नाही, कारण सर्वच रिक्त जागा पवित्र नसतात. ती देणे लागते ते मूळ कृतीने उच्चारलेल्या शब्दाचे. व्यक्तिरेखेने स्वतःविषयी जे म्हटले, ते खरे ठरवण्याची जबाबदारी पूर्वकथेवर येते. फ्युरिओसा प्रायश्चित्त म्हणाली होती. तिच्या पूर्वकथेने या शब्दाचे ऋण एका झाडापुरते फेडले आहे आणि सेनानीपदाच्या वर्षांपुरते थकवले आहे. 'फ्युरिओसा'ची पटकथा 'फ्युरी रोड'च्या चित्रीकरणापूर्वीच लिहिलेली होती, हे ध्यानात घेतले तर ही थकबाकी अधिकच जाणवते. उत्तर लिहून ठेवणाऱ्यांना प्रश्न ठाऊक होता.

वाद घालणाऱ्या चाहत्यांकडे या दृष्टीने पाहिले, तर त्यांचे भांडण क्षुल्लक ठरत नाही. एका पक्षाला कृतीचे स्वातंत्र्य जपायचे होते, दुसऱ्याला सोसण्याची दखल घ्यायची होती. या दोन्ही नैतिक मागण्या रास्त आहेत, आणि प्रत्यक्ष जीवनात माणसाविषयी निवाडा करताना त्या सतत एकमेकींच्या आड येतात. ज्याचे दुःख ठाऊक आहे त्याला दोष देणे जड जाते. ज्याला दोष द्यायचा आहे त्याचे दुःख ऐकणे नको वाटते. न्यायबुद्धीला ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात.

'फ्युरिओसा' पाहून झाल्यावर 'फ्युरी रोड' पुन्हा पाहणाऱ्याला एक प्रसंग वेगळा दिसेल. ती गाडी वळवते तेव्हा गाडीवरच्या तरुण सैनिकांना तिचा बेत ठाऊक नसतो. ते तिच्या आज्ञेवर विश्वासून लढतात आणि मरतात. त्यांच्यातला वयस्क साथीदार चालत्या गाडीला लटकून तिला जाब विचारतो. ती उत्तर देत नाही. पहिल्या वेळी प्रेक्षकाचे लक्ष मागून येणाऱ्या शत्रूकडे असते, म्हणून हा माणूस ध्यानात राहत नाही. आता राहील. मुक्तीच्या त्या धावेतही कोणाचा तरी विश्वासघात झाला होता, आणि ज्या शब्दाने फ्युरिओसाने आपला शोध सांगितला, त्या शब्दात हा माणूसही मोजलेला असला पाहिजे.